साकळू नये म्हणून

मिलोयकाच्या बोटाला टाचणी लागली सव्वानऊला.
साडेनऊला मी दुसरा रुमाल आणला.

इद्रियात टाचणी लागणं ही काही बातमी नव्हे.
इथल्या पोरी अक्षरांआधी लेस शिकतात,
गोल उशीवर टाचण्यांचं रान
आणि बोटाएवढ्या लाकडी रिळांची खटखट,
थंडीत दात वाजावेत तशी.
पूर्वी ती टोचलेलं बोट तोंडात घालायची
आणि बाहेर काढेपर्यंत विसरायची.

आता रक्त विसरू देत नाही.

ल्युब्लियानाच्या डॉक्टर कोसमाचबाईंनी
पाठकोऱ्या कागदावर काढून दाखवलं होतं:
हे फुप्फुस, ह्या त्याच्या वाटा,
आतून जाड होत होत आक्रसलेल्या,
आणि हे हृदय, उजवीकडून
दार ढकलून ढकलून सुजलेलं.
औषध वाटा मोकळ्या करतं,
आणि जाता जाता रक्तातल्या प्लेटलेटना बजावतं,
एकमेकींचे हात धरू नका.

"म्हणजे शरीरही लेसच विणतं," मिलोयका म्हणाली,
"जखम झाली की."
"हो. तुमचं नको तिथेही विणू पाहतं."
"मग उसवायचं."
"उसवायचं नाही. विणूच द्यायचं नाही."
तिनं मान हलवली, शिकाऊ पोरीच्या
सैल कामाकडे बघून हलवते तशी.

मी तेहतीस वर्षं खाणीत पंपावर होतो.
खाली पारा, वर गाव,
आणि पाणी नि माणसं यांच्या मधोमध मी.
पंप बंद पडला तर हाताशी तास असायचा,
कधी दोन.
खाण मिटली तेव्हा वाटलं, सुटलो.

आता रोज रात्री आठला कोपरापर्यंत हात धुतो.
पावडर, तिचं पाणी, फेस न येऊ देता
हळू हळू फिरवायची कुपी,
मग मुठीएवढा पंप तिच्या कमरेला,
नळी छातीतून थेट हृदयाच्या दारापाशी.
हा बंद पडला तर तास नाहीत.
मिनिटं.

आणि गंमत बघा, त्याच नळीच्या टोकाशी
रक्त हट्टानं साकळू पाहतं.
बोटावर थांबत नाही, नळीत थांबतं.
एकाच बाईचं रक्त, दोन स्वभावांचं.
म्हणून रक्त पातळ ठेवणारी आणखी एक गोळी,
आणि पंधरवड्याला एक आकडा, जो मी
कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहितो,
जसा पाण्याच्या पातळीचा लिहायचो.
आकडा चढला की हिरड्या लाल,
मांडीवर निळे डाग,
तिला न आठवणाऱ्या धक्क्यांचे.
उतरला की मी रात्रभर तिचा श्वास मोजतो.

पहिल्या घासाला जबडा दुखतो तिचा.
क्षणभर थांबते, गाल लालबुंद,
मग झ्लिक्रोफीवर तुटून पडते.
ती लाली औषधाची, मला ठाऊक आहे.
तरी मी बघतो.

नेझा फोनवर म्हणते, बाबा, ती उशी माळ्यावर टाका.
मी टाकली नाही.
तिचं बोट दाबून धरलं, घड्याळ समोर ठेवून,
नर्सनं शिकवलं तसं,
मध्ये उघडून न पाहता.
सगळ्यात कठीण तेच,
मध्ये उघडून न पाहणं.
आमच्या दोघांमध्ये पंप
बारीक आवाजात आपलं काम करत राहिला.

पावणेदहाला थांबलं.

लेसच्या एका पाकळीवर ठिपका राहिला,
कडेकडेनं सुकत तपकिरी होत जाणारा.
मी थंड पाणी आणायला उठलो.
"राहू दे," ती म्हणाली,
"तेवढं तरी साकळलं."

मग दोन रिळं उचलली,
डावं उजव्यावरून टाकलं,
आणि टाचणी घेताना
माझ्याकडे न बघता
दुसरं बोट वापरलं.